पुष्पबागेतली जत्रा

मुंबईत हातमाग मंडळाच्या नोकरीत दोन वर्षं काढून चित्रकार के. जी. सुब्रमण्यन १९६१ साली बडोद्याला परतले. त्याच वर्षी महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या ललित कला विद्याशाखेने पहिली ‘फाइन आर्ट्स फेअर’ भरवली. प्राध्यापक आणि विद्यार्थ्यांनी मिळून खेळणी, मुखवटे, कठपुतळ्या, दागिने बनवायचे आणि विद्याशाखेच्या पुष्पबाग आवारात मांडायचे; गावाने पोराबाळांसह यायचं, हाताळून पाहायचं, परवडेल ते घेऊन जायचं. संध्याकाळी नाटकं, खेळ. प्रदर्शनाच्या दालनात पाऊल टाकायला बिचकणारा माणूस जत्रेत बिनदिक्कत शिरतो, हे गणित साधं होतं. पण आपल्या कलाशाळांपैकी फार थोड्यांनी ते मांडून पाहिलं.

या जत्रेला ‘उपक्रम’ म्हणणं मला अपुरं वाटतं. सुब्रमण्यन यांच्या दृष्टीने कारागीर आणि कलावंत यांच्यात भिंत नव्हती. लाकडाचे ठोकळे, मणी, चामड्याचे तुकडे जोडून ते स्वतः प्राण्यांची खेळणी करत. मुलांसाठीची त्यांची चित्रपुस्तकंही याच जत्रेच्या निमित्ताने सुरू झाली. कॅनव्हासपुढे महिनोन्‌महिने झुंजणाऱ्या विद्यार्थ्यासाठी खेळण्याची परीक्षा वेगळीच असते. ते टेबलावर उभं राहिलं पाहिजे, चार वर्षांच्या मुलाने आपटलं तरी टिकलं पाहिजे, आणि त्याची किंमत आईच्या पर्समधून निघाली पाहिजे. असा परीक्षक वर्गात मिळत नाही. विद्याशाखेत ग्यारसीलाल वर्मांसारखे कारागीर जयपुरी भित्तिचित्राचं तंत्र शिकवून गेले, त्यामागेही कारागीर-कलावंत भेद न मानणारी हीच दृष्टी होती. चुन्याचा गिलावा ओला असतानाच रंग भरायचा आणि घोटून घोटून त्याला चकाकी आणायची, हे ज्ञान पदवीच्या कागदावर नव्हे, वर्मांच्या मनगटात होतं.

बडोद्यातच हे का घडलं, याचं निम्मं उत्तर गायकवाडीत आहे. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या शेतकरी घरातून गादीवर आलेल्या सयाजीरावांनी कलेला दरबाराबाहेर वाट करून दिली. १८८६मध्ये गायक मौलाबक्षांच्या हाताखाली गायनशाळा निघाली. १८९०मध्ये कलाभवन सुरू झालं. दादासाहेब फाळके चित्रकला आणि छायाचित्रण तिथेच शिकले. १९१६ची पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भातखंड्यांनी बडोद्यात भरवली, तीही महाराजांच्याच आश्रयाने. पुढे नंदलाल बोस यांनी कीर्तिमंदिराच्या भिंती रंगवल्या. विद्यापीठ १९४९चं, ललित कला विद्याशाखा १९५०ची. कुलगुरू हंसाबेन मेहता, पहिले अधिष्ठाता मार्कंड भट्ट, चित्रकला विभागात इंदूरचे ना. श्री. बेंद्रे, शिल्पकलेत शंखो चौधुरी. चित्रकाराला आणि शिल्पकाराला विद्यापीठाची पदवी, आणि सोबत कलेच्या इतिहासाचा पक्का अभ्यास, ही घडी तेव्हा देशात नवी होती.

शहर पुष्पबागेत आलं, तसे पुष्पबागेतले लोकही बाहेर पडले. त्यांतले ज्योती भट्ट १९६७पासून कॅमेरा घेऊन गुजरातच्या आणि पुढे इतर प्रांतांच्या खेड्यांत फिरले. लिंपलेल्या भिंती, दारापुढच्या रांगोळ्या, अंगावरचं गोंदण त्यांनी टिपून ठेवलं, आणि चित्राशेजारी बहुधा ते काढणारी बाईही. त्यातल्या कितीतरी भिंती आता सिमेंटच्या झाल्या. ज्योती भट्टांच्या मुद्राचित्रांइतकंच हे काम मोठं आहे, असं माझं मत.

दार उघडं ठेवण्याची किंमत विद्याशाखेला २००७च्या मे महिन्यात मोजावी लागली. परीक्षेसाठी मांडलेल्या एका विद्यार्थ्याच्या चित्रांवरून बाहेरचे लोक आवारात घुसले आणि पोलिसांनी त्या विद्यार्थ्यालाच अटक केली. इतर विद्यार्थ्यांनी उत्तर दिलं ते प्रदर्शनानेच: भारतीय कलेतल्या शृंगारशिल्पांची छायाचित्रं त्यांनी मांडली. ती उतरवायला प्रभारी अधिष्ठात्यांनी नकार दिला, तेव्हा विद्यापीठाने त्यांना निलंबित केलं. शिक्षकाने विद्यार्थ्यांच्या पाठीशी उभं राहायचं आणि संस्थेने शिक्षकावर कारवाई करायची, याचं समर्थन मला आजवर कुणाकडून पटेल असं ऐकायला मिळालेलं नाही. परीक्षेची मांडणी गावाला खुली असण्याची चाल मात्र जुनी होती, आणि तीत गैर काहीच नव्हतं.

बडोद्यासारखीच एक जत्रा शांतिनिकेतनच्या कलाभवनातही आहे: तिथे १९७३पासून नंदन मेळा भरतो. नंदलालबाबूंचा जन्मदिवस ३ डिसेंबरचा. त्याच्या आदल्या दोन दिवशी विद्यार्थी-शिक्षकांनी केलेल्या वस्तू विकल्या जातात आणि पैसा अडचणीतल्या विद्यार्थ्यांच्या निधीत जातो. बडोद्याची जत्रा वयाने मोठी, पण नेमाने भरणारी नाही. मध्ये बरीच वर्षं कोरडी जातात. इथे मी शांतिनिकेतनच्या बाजूने आहे. तारीख ठरलेली असली की लोक आधीपासून पैसे बाजूला ठेवतात, गेल्या वर्षीचं मोडलेलं खेळणं दुरुस्तीला घेऊन येतात, ते कुणी केलं होतं त्याची चौकशी करतात.