कृमी, गोड्या पाण्यातील : कर्जत-खालापूर परिसरातील सर्वेक्षण

रायगड (१९८१ पूर्वीचे नाव कुलाबा) जिल्ह्यातील कर्जत व खालापूर तालुक्यांच्या जलाशयांत राहणाऱ्या कृमींच्या जातींचा पद्धतशीर शोध. ‘कृमी’ हे एकाच प्राणिसंघाचे नाव नाही. प्लॅनेरियासारखे चपटे कृमी, सूत्रकृमी, गांडुळांचे जलचर आप्त (ऑलिगोकीटा) व जळवा या सर्वांचा त्यात समावेश होतो.

अधिवास : या भागात पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबरमध्ये पडतो. पुढे बहुतेक ओढे आटतात व डोह तेवढे उरतात. याउलट खोपोली (१९१५) व भिवपुरी (१९२२) येथील जलविद्युत् केंद्रांतून बाहेर पडणारे घाटमाथ्यावरील धरणांचे पाणी अनुक्रमे पाताळगंगेला व उल्हासची उपनदी पेज हिला मिळते. त्यामुळे हंगामी व बारमाही प्रवाह येथे एकमेकांजवळच आढळतात. दोहोंतील कृमींची तुलना हा येथील सर्वेक्षणाचा गाभा होय.

प्लॅनेरिया स्वच्छ प्रवाहातील दगडांखाली, तर नाइस व डेरो हे सूक्ष्म कृमी पाणवनस्पतींवर शोधावे लागतात. कीटोगॅस्टरची एक जाती गोगलगाईंच्या अंगावर राहते. ट्युबिफेक्स व लिम्नोड्रिलस डोके चिखलात खुपसून शेपटी पाण्यात हलवीत राहतात. त्यांच्या रक्तातील हीमोग्लोबिनामुळे ते तांबडे दिसतात व अल्प ऑक्सिजनातही तगतात. ब्रँकियुरा सोवरबाय या जातीच्या शेपटीकडील भागावर क्लोमांच्या रांगा असतात. उबदार पाण्यातील चिखल तिला मानवतो. भातखाचरे या दृष्टीने तपासणे अगत्याचे असते. गुरांना चिकटणाऱ्या जळवा म्हशी डुंबतात अशा तळ्यांत पाहाव्यात.

पद्धती : ठराविक क्षेत्रफळातील गाळ उचलून बारीक चाळणीतून धुतात. भोके मोठी असल्यास नाइससारखे कृमी निसटतात. नाजूक कृमी प्रथम जिवंतपणीच सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, कारण परिरक्षक द्रवात ते आकसतात. ऑलिगोकीटांची ओळख दृढरोमांची रचना व जननेंद्रिये यांवरून पटते. लिम्नोड्रिलसच्या अपक्व नमुन्यांची जाती सहसा ठरविता येत नाही. यास्तव पावसाळा, हिवाळा व उन्हाळा या तिन्ही ऋतूंत नमुने घ्यावे लागतात. एकाच ऋतूतील यादी अपुरी ठरते.

भारतातील ऑलिगोकीटांवरील जे. स्टीफन्सन यांचा ग्रंथ (१९२३) व जलचर जातींवरील के. व्ही. नायडू यांचा ग्रंथ (२००५) ओळखीसाठी आधारभूत आहेत. ट्युबिफिसिडी कुलाचा समावेश आता नाइडिडी कुलात करतात. जुन्या याद्या वाचताना हे ध्यानात ठेवावे लागते.

महत्त्व : कृमींची संख्या म्हणजे विविधता नव्हे. सांडपाण्याने दूषित गाळात लिम्नोड्रिलस प्रचंड संख्येने वाढतो, पण इतर जाती नाहीशा होतात. पाण्याची रासायनिक परीक्षा त्या क्षणाची स्थिती दाखविते. गाळातील कृमी मागील कित्येक आठवड्यांची साक्ष देतात. खोपोली परिसरात कारखाने असून कर्जतकडे वस्ती वाढत आहे. प्रदूषणाने जाती नष्ट होण्यापूर्वीची नोंद हाती असेल, तरच पुढे काय गमावले हे सांगता येईल.