क्रीडा छायाचित्रणासाठी वापरलेल्या कॅमेऱ्याची निवड

वेगवान खेळांच्या छायाचित्रणासाठी वापरलेला कॅमेरा निवडताना त्याच्या बॉडीची गती, फोकसप्रणाली, कमी प्रकाशातील क्षमता आणि झालेली झीज विचारात घेतली जाते. मर्यादित खर्चात जुना वरच्या श्रेणीचा कॅमेरा बहुधा नव्या प्राथमिक कॅमेऱ्यापेक्षा अधिक उपयुक्त ठरतो.

गती आणि फोकस

धावता खेळाडू स्पष्ट टिपण्यासाठी शटरवेग साधारणतः १/१००० सेकंद लागतो. कॅनन ईओएस ७डी मार्क २ (२०१४) आणि निकॉन डी५०० (२०१६) हे कॅमेरे सेकंदाला सुमारे १० छायाचित्रे घेतात. त्यांत अनुक्रमे ६५ व १५३ फोकसबिंदू आहेत.

प्रकाश

नवी मुंबईत नेरूळ येथील डी. वाय. पाटील स्टेडियमवर २ नोव्हेंबर २०२५ रोजी महिला विश्वचषक क्रिकेटचा अंतिम सामना प्रकाशझोतात झाला. मोठ्या मैदानांच्या तुलनेत शाळेच्या सभागृहातील कबड्डीला उजेड अपुरा असतो. शिवाय ५० हर्ट्झ वीजपुरवठ्यावरील काही दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, त्यामुळे सलग छायाचित्रांचा उजेड कमीजास्त होतो. वरील दोन्ही कॅमेऱ्यांत यावर उपाययोजना आहे.

तपासणी

या दोन्ही कॅमेऱ्यांच्या शटरची चाचणी सुमारे २ लाख उघडझापांपर्यंत झालेली आहे. छायाचित्राच्या फाइलचा क्रमांक ९९९९ नंतर पुन्हा आरंभापासून सुरू होत असल्याने त्यावरून वापराचा अंदाज बांधू नये. एफ/१६ वर पांढऱ्या भिंतीची छायाचित्रे घेतल्यास सेन्सरवरील डाग दिसतात. मूळ पावतीवरील अनुक्रमांक बॉडीशी जुळवून पाहणे आवश्यक असते, अन्यथा चोरीची वस्तू पदरी पडण्याचा धोका राहतो. वाचलेली रक्कम एफ/२.८ च्या लेन्ससाठी राखून ठेवणे हितावह ठरते.