घाटातली उलटी आणि डब्यातली गोळी
परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढायचा म्हटलं, की मागच्या दुखण्यातली उरलेली, उलटीवरची ऑन्डान्सेट्रॉनची गोळी पर्समध्ये पडते. गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची, पण विचारतो कोण! घाटात तिचा फारसा उपयोग नाही. आतड्यातून मेंदूकडे जाणारा सेरोटोनिनचा निरोप ती अडवते. गाडी लागते ती आतल्या कानामुळे. केमोथेरपी किंवा शस्त्रक्रियेनंतरची उलटी थांबवणं, हे गोळीचं खरं काम.

गोळीने डोकं दुखणं, शौचाला खडा होणं किरकोळच. हृदयाची लय मात्र बिघडू शकते. म्हणूनच शिरेतून एकदम ३२ मिलिग्रॅम देणं अमेरिकेत २०१२ साली थांबलं. हृदयविकार असेल, जुलाबांनी पोटॅशियम घटलं असेल, तर डॉक्टरांना आधीच सांगा. आणि अकोल्याच्या मे महिन्यात उन्हातून आलेला माणूस ओकतोय, बरळतोय, तर गोळी शोधत बसू नका. अंग ओलं करा, वारा घाला, दवाखाना गाठा.