चिठ्ठीत निघालेले घर

‘शितावरून भाताची परीक्षा’ ही म्हण मी गेली वीस वर्षे वर्गात शिकवीत आलो आहे. पण शीत कोणते घ्यायचे, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. तो पडला सास्तूरला, माझ्या मावशीच्या ओसरीवर.

सास्तूर हे धाराशिव जिल्ह्याच्या लोहारा तालुक्यातले गाव. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती बोळवून लोक नुकते निजले होते, तोच भूकंप झाला आणि जुने गाव मातीला मिळाले. मावशीला जमीनजुमला नाही. म्हणून तिला पुनर्वसनात अडीचशे चौरस फुटांचे घर मिळाले. त्यात ती एकटीच राहते.

सुटीत मी तिथे असताना सरकारी नमुना पाहणीचा एक तरुण आला. त्याने आधी घरांची यादी केली, मग संगणकाने चिठ्ठ्या टाकल्या, आणि एक चिठ्ठी निघाली मावशीच्या घराची! गावचे एक पुढारी म्हणाले, “साहेब, तिथं काय सापडणार? मोठ्या घरी चला. चहा तरी बरा मिळेल.”

तरुण हसून म्हणाला, “माझ्या मर्जीनं घर बदलायची मुभा नाही मला.”

वाचकहो, सारे मर्म इथेच आहे. वरवरचे शीत उचलले, तर तळचा भात कच्चा आहे की करपला, हे कसे कळणार? भात आधी ढवळावा लागतो. चिठ्ठी टाकणे म्हणजे हे ढवळणे! प्राध्यापक प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्या पुढाकाराने १९५० साली ही राष्ट्रीय पाहणी सुरू झाली. पहिल्या फेरीत देशातील लाखो खेड्यांतून अवघी १,८३३ खेडी निवडली होती. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचाही त्या कामात हात होता. २०२२-२३ च्या घरखर्चाच्या पाहणीत २,६१,७४६ कुटुंबांवरून साऱ्या देशाच्या संसाराचा अंदाज बांधला गेला. पातेले मोठे म्हणून शिते पोतेभर लागत नाहीत. निवड तेवढी निःपक्षपाती हवी.

मावशीने विचारले, “भूकंपानंतर लई जणांनी मोजलं, बाबा. तू काय देनार?”

“काही नाही, आजी. तुमचं नावही कुठं छापणार नाही. पण तुमच्यासारख्या कितीतरी घरांच्या वतीनं तुम्ही बोलताय.”

मावशी क्षणभर गप्प राहिली. मग भाजी-तेलाचा सात दिवसांचा, धान्याचा महिन्याचा, कपड्यालत्त्याचा वर्षाचा हिशेब सांगू लागली. वर्षभरात नवे लुगडे नाही. औषधे उधारीवर आणलेली! मी दर खेपेला “कशी आहेस?” म्हणून विचारी, आणि “बरं हाय” एवढेच उत्तर घेऊन परते.

त्या क्षणी मला माझ्या शहरातल्या घराचे दार आठवले. आदल्याच वर्षी असाच एक तरुण त्या दारी आला होता. “वेळ नाही,” म्हणून मी त्याला वाटेला लावले होते. माझ्यासारख्या खाऊनपिऊन सुखी घरांची दारे अशी बंद राहिली, म्हणजे श्रीमंत-गरिबांतील अंतर आकड्यांत खरे आहे त्याहून कमी दिसते. मग दोष आकड्यांना का द्यावा?

दिवाळीत आपण दारी रांगोळी घालतो, आल्यागेल्याला फराळ देतो. उद्या असा कुणी वही घेऊन आला, तर त्याचे ओळखपत्र जरूर पाहावे, आणि मग घरात घेऊन त्याला खरे तेच सांगावे. माझ्या मावशीने तेवढे केले.