भोपळ्याचे सूप: हलके कशाने राहते, जड कशाने होते

दांडेलीहून जोयड्याकडे निघाले की काळी नदीच्या काठाला गणेशगुडी लागते. वरच्या अंगाला 101 मीटर उंचीचे, 1987 साली पूर्ण झालेले सुपा धरण, खाली राफ्टिंगला आलेल्या पर्यटकांची वर्दळ आणि चहूबाजूंनी जंगल. जोयडा तालुक्यातल्या घरांतून कोकणी, मराठी, कन्नड अशा तिन्ही भाषा कानावर पडतात. पावसाच्या तोंडाशी परसात भोपळ्याचे बी टोचले तर साधारण 100 ते 120 दिवसांत फळ पक्व होते, म्हणजे दसरा-दिवाळीच्या सुमारास. देठ ठेवून तोडलेला, साल टणक झालेला भोपळा कोरड्या, हवेशीर जागी दोन-तीन महिने सहज टिकतो. मिरी, आले, हळद, नारळही याच मुलखात पिकतात. सुपाला लागणारे जवळपास सगळे सामान घरात असूनही भोपळा भाजी, घारगे आणि रायत्यापलीकडे फारसा जात नाही. सूप म्हटले की साय, लोणी, मैदा नाहीतर पाकीट डोळ्यांपुढे येते. हे चुकीचे आहे, आणि त्यामागे काही पक्के बसलेले गैरसमज आहेत.

पहिला समज असा, की दाटपणासाठी क्रीम किंवा कॉर्नफ्लोर लागतेच. पिकलेल्या तांबड्या भोपळ्याच्या गरात स्टार्च आणि पेक्टिन दोन्ही असते. तो मऊ शिजवून घोटला की आपोआप दाट आणि मखमली होतो. दाटपणा कमी वाटला तर दोष बहुतेक वेळा पाण्याचा असतो. आधी बेताचे पाणी घालून शिजवावे, घोटल्यावर अंदाज घेऊन वाढवावे. बाजारातल्या 25 टक्के स्निग्धांशाच्या फ्रेश क्रीमचे 200 मिलिलिटरचे पाकीट चौघांच्या सुपात ओतले, तर प्रत्येकाच्या वाटीत साडेबारा ग्रॅम चरबी आणि 110 हून जास्त कॅलरी नुसत्या क्रीमच्या जातात. खुद्द भोपळ्याच्या 100 ग्रॅम गरात कॅलरी असतात 25 च्या आसपास, आणि नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी. भोपळा मुळात हलकाच आहे. त्याला जड आपण करतो.

जोयड्याच्या कुणबी शेतकऱ्यांकडे दाटपणासाठी क्रीमपेक्षा चांगली वस्तू आहे: कंद. या तालुक्यात कंदमुळांच्या कितीतरी जाती जपल्या गेल्या आहेत आणि जोयड्याला त्यांचा मेळाही भरतो. अळूच्या कुळातला एखादा लहान कंद किंवा करांद्याचा तुकडा भोपळ्याबरोबर शिजवला की सुपाला छान अंग येते. मात्र अळूवर्गीय कंदांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, घशाला खाज सुटते ती त्यांच्यामुळे. म्हणून असा कंद पूर्ण शिजलाच पाहिजे, आणि आमसूल किंवा लिंबाची आंबट जोड द्यावी. कडू करांदा असेल तर तो घरातल्या जाणत्यांच्या पद्धतीने कडूपणा काढल्याशिवाय वापरू नये.

क्रीम काढले की बरेच जण दुसऱ्या टोकाला जातात: सूप हलके हवे तर तेल-तुपाचा थेंबही नको. इथे आरोग्याच्या नावाखाली नुकसान होते. भोपळ्याचा केशरी रंग बीटा कॅरोटीनचा आहे. शरीर त्यापासून अ जीवनसत्त्व तयार करते, पण बीटा कॅरोटीन चरबीत विरघळणारे असल्याने जेवणात थोडा स्निग्ध पदार्थ असल्याशिवाय आतड्यातून नीट शोषले जात नाही. फार लागत नाही, माणशी एक छोटा चमचा तूप किंवा तेल पुरते. त्याच्या 45 कॅलरी वाचवण्यासाठी भोपळ्यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाया घालवणे मला पटत नाही.

नारळाचे दूध हा या भागाचा स्वाभाविक पर्याय, आणि त्याभोवती दोन उलटसुलट समज आहेत. काही जण म्हणतात, नारळात कोलेस्टेरॉल असते. तसे नाही. कोलेस्टेरॉल प्राणिज पदार्थांत असते, नारळात नाही. दुसरे म्हणतात, वनस्पतीचे आहे म्हणजे कितीही चालेल. हेही खरे नाही. खोबरेल तेलातली सुमारे 90 टक्के चरबी संपृक्त असते, आणि रक्तातले कोलेस्टेरॉल वाढवण्यात संपृक्त चरबीचा वाटा आहे. नारळाच्या पहिल्या दाट दुधात चरबी भरपूर असते, दुसऱ्या-तिसऱ्या पाण्याच्या दुधात कमी. माझे मत विचाराल तर सूप पातळ दुधात शिजवावे आणि दाट दूध शेवटी वाटीत चमचाभर घालावे. तेवढ्याने नारळाची चव पुरेपूर येते. मग वेगळे तूपही लागत नाही.

“शिजवल्याने सगळे सत्त्व जाते” असे म्हणून काही जण कच्च्या भोपळ्याचा रस पितात. क जीवनसत्त्व उष्णतेने काही प्रमाणात नष्ट होते हे खरे. पण बीटा कॅरोटीन बऱ्यापैकी टिकते, आणि शिजवून घोटल्याने पेशींच्या भिंती फुटून ते शरीराला अधिक सहज मिळते. पोटॅशियमसारखी खनिजे पाण्यात उतरतात, पण सुपात ते पाणी आपण पितोच. नुकसान होते ते भोपळा उकडून पाणी ओतून दिले तर, किंवा सूप बारीक गाळणीतून गाळून चोथा टाकला तर. तो चोथा म्हणजे तंतू, आणि आपल्याला तो हवा आहे. क जीवनसत्त्वाची भरपाई गॅस बंद केल्यावर पिळलेल्या लिंबाने होते.

मधुमेह असलेल्यांना भोपळा गोड म्हणून वर्ज्य सांगितला जातो. उकडलेल्या भोपळ्याचा ग्लायसेमिक निर्देशांक काही मोजण्यांत 75 पर्यंत नोंदला गेला आहे, आणि तो आकडा पाहून माणसे घाबरतात. पण हा निर्देशांक मोजताना प्रत्येक पदार्थाची कर्बोदके सारखी धरतात. 100 ग्रॅम भोपळ्यात कर्बोदके अवघी सहा-सात ग्रॅम असतात. म्हणजे निर्देशांकाइतकी साखर वाढवायची तर भोपळा खूप जास्त खावा लागेल. वाटीभर सुपाचा रक्तातल्या साखरेवर होणारा भार थोडा असतो. त्या सुपात गूळ, बटाटा आणि कॉर्नफ्लोर घातले आणि सोबत मैद्याचे दोन टोस्ट घेतले, तर हिशेब पार बदलतो. अशा वेळी दोष भोपळ्याला देऊ नये. मूत्रपिंडाच्या विकारामुळे ज्यांना पोटॅशियम मोजून घ्यायला सांगितले आहे, त्यांनी मात्र भोपळ्याबद्दल आपल्या डॉक्टरांना जरूर विचारावे.

डोळ्यांविषयीही एक खुलासा करायला हवा. भोपळा, गाजर खाल्ल्याने चष्मा जातो असे मुलांना सांगितले जाते. अ जीवनसत्त्वाच्या कमतरतेने रातांधळेपणा येतो आणि कमतरता तीव्र झाली तर बुबुळ कायमचे खराब होऊ शकते. याच कारणाने भारतात 1970 पासून लहान मुलांना अ जीवनसत्त्वाचे डोस देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. भोपळा हा धोका टाळायला मदत करतो. चष्म्याचा नंबर डोळ्याच्या आकारमानाशी जोडलेला आहे, तो कुठल्याही भाजीने उतरत नाही.

आता प्रत्यक्ष कृती. चौघांसाठी साल काढलेला सुमारे 400 ग्रॅम भोपळा, 30 ग्रॅम म्हणजे दोन मोठे चमचे मुगाची डाळ, एक लहान कांदा, चार-पाच लसूण पाकळ्या, बोटाच्या पेराएवढे आले, सात-आठ मिरीदाणे, चिमूटभर हळद. कुकरमध्ये चार छोटे चमचे तूप किंवा तेल तापवून त्यात कांदा, लसूण, आले मऊ होईपर्यंत परतावे. लाल करू नये, भोपळ्याची गोडी दबते. मग धुतलेली डाळ, भोपळ्याच्या फोडी, हळद आणि अर्धा लिटर पाणी घालून तीन शिट्ट्या कराव्यात. वाफ आपोआप जिरू द्यावी. घोटायला मिक्सर हवाच असे नाही. वरणाची लाकडी रवी पुरते आणि तिने थोडा कणीदारपणा राहतो, जो मला मिक्सरच्या गुळगुळीतपणापेक्षा जास्त आवडतो. मिक्सरच वापरायचा तर मिश्रण निवू द्यावे. उकळते सूप बंद भांड्यात फिरवल्यावर वाफेने झाकण उडून भाजण्याचे प्रसंग खरोखर घडतात. शेवटी हवे तेवढे गरम पाणी घालून एक उकळी आणावी, मिरी ताजी कुटून घालावी आणि लिंबू पिळावे.

अशा सुपाच्या एका वाट्यात 100 च्या आसपास कॅलरी असतात.

मुगाची डाळ मी मुद्दाम घातली आहे. सूप प्यायले की रात्रीचे जेवण झाले, वजन उतरणार, हा समज शहरांपासून खेड्यांपर्यंत पोचला आहे. नुसत्या भोपळ्याच्या सुपात प्रथिने नगण्य असतात. त्यावर रात्र काढली की मध्यरात्री भूक लागते आणि डब्यातली फरसाण-बिस्किटे बाहेर येतात. डाळीने चौघांत मिळून सात ग्रॅम प्रथिने येतात, तीही पूर्ण जेवणाला पुरेशी नाहीत. म्हणून सुपाबरोबर उसळ, अंडे, मासा किंवा दही-भाकरी असे काहीतरी असावे. भोपळ्याच्या बियाही टाकू नयेत. धुऊन वाळवून तव्यावर भाजल्या की त्यांच्या गरात चांगली प्रथिने, मॅग्नेशियम आणि जस्त मिळते. चमचाभर बिया सुपावर घालाव्यात. मूठभर नकोत, कारण त्यांत तेलही भरपूर असते.

मिठाकडे सर्वांत कमी लक्ष जाते. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. सूप पातळ असल्यामुळे खारटपणा चटकन जाणवत नाही आणि हात सैल सुटतो. वरच्या प्रमाणाला पाऊण चमचा मीठ पुष्कळ झाले. पाकिटातल्या सुपाला “झटपट आणि पौष्टिक” म्हणणाऱ्यांनी पाकिटामागची घटकांची यादी एकदा शांतपणे वाचावी. कॉर्नफ्लोर, साखर आणि मीठ तिथे वरच्या ओळींत दिसते, भाजी बहुधा शेवटी.

शेवटचा गैरसमज सर्वांत धोकादायक आहे, म्हणून तो सविस्तर सांगतो. हेच सूप दुधीचेही उत्तम होते, आणखी हलके, कारण दुधीत पाणी 95 टक्क्यांच्या वर असते. पण दुधी कडू निघाला तर “कडू तेवढे औषधी” म्हणून तो गिळला जातो. दुधी, भोपळा, काकडी या कुळातल्या झाडांत कुकुर्बिटासिन नावाची कडू विषारी द्रव्ये तयार होऊ शकतात. कारल्याचा नेहमीचा कडवटपणा वेगळा. खाण्याच्या दुधीत किंवा भोपळ्यात कडवटपणा हा धोक्याचा इशारा असतो. 2010 साली दिल्लीत कडू दुधीचा रस प्यायल्याने एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला. त्यानंतर भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या तज्ज्ञ समितीने असे प्रसंग तपासले आणि कडू रस अजिबात पिऊ नये, असे स्पष्ट सांगितले. शिजवल्याने हे विष जात नाही. मसाला, गूळ, नारळाचे दूध यांनी चव झाकली जाईल, पण विष तसेच राहील. आपल्याच बियांची, परसात आपोआप उगवलेल्या वेलाची फळेही याला अपवाद नाहीत. जंगली किंवा शोभेच्या जातींशी परागीकरण झाले तर पुढच्या पिढीचे फळ कडू निघू शकते.

म्हणून कुठलाही दुधी किंवा भोपळा चिरल्यावर आधी कच्च्या फोडीचा लहानसा तुकडा जिभेला लावून पाहा. कडू लागला तर थुंकून चूळ भरा आणि अख्खे फळ टाकून द्या, गुरांनाही घालू नका. कडू सूप पोटात गेले आणि उलट्या, जुलाब, पोटात मुरडा किंवा रक्त पडणे सुरू झाले, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता लगेच दवाखाना गाठा आणि डॉक्टरांना काय खाल्ले ते नेमके सांगा.