लिंकन ते ट्रम्प, व्हाया तिसगावचा बाजार

अहिल्यानगरहून पाथर्डीकडे निघालं, की करंजीचा घाट लागतो आणि घाट मागे पडला की तिसगाव येतं. जवळच कानिफनाथांची मढी, डोंगराच्या कुशीत वृद्धेश्वर. शिवारात कपाशी, बाजरी, ज्वारी, तूर. इथल्या माणसाला अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष टीव्हीवरच दिसतो. पण त्या खुर्चीवरच्या माणसाच्या सहीनं इथल्या कपाशीचा भाव हलतो, रेशनचं धान्य बदलतं, एवढंच काय, सोनाराकडचा भाव बदलतो. हे आजचं नाही, दीडशे वर्षांहून अधिक काळ चालू आहे. त्याच गोष्टींची ही चटपटीत शिदोरी.

१. लिंकनची नाकेबंदी, दख्खनची चांदी

१९ एप्रिल १८६१. अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण यांचं यादवी युद्ध पेटलेलं. अब्राहम लिंकन यांनी दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली. इंग्लंडच्या गिरण्या तोवर मुख्यतः दक्षिणेच्याच कापसावर चालत होत्या. दक्षिणेच्या पुढाऱ्यांनी आपला कापूस आपणच अडवून धरला होता. कापसावाचून तडफडलेलं इंग्लंड आपल्या बाजूनं उभं राहील, असा त्यांचा डाव होता. डाव फसला. इंग्लंडनं मुंबईकडं तोंड वळवलं आणि दख्खनमधल्या कपाशीला कधी नव्हे तो भाव आला. जे पीक बरेच लोक घरच्या सुतापुरतं घेत, ते 'पांढरं सोनं' झालं. सावकार दारात येऊन कर्ज देऊ लागले.

२. घड्याळाचा मनोरा कपाशीच्या पैशाचा

मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर तुम्ही पाहिला असेल. तो प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून उभा राहिला आणि त्याला नाव मिळालं त्यांच्या आईचं. प्रेमचंद हे कापूस आणि शेअर यांच्या त्या तेजीचे राजे. बॅक बे भरणी कंपनीच्या ५,००० रुपयांच्या शेअरला तेव्हा दहापट भाव सांगितला जात होता. १८६५ च्या वसंतात अमेरिकेतलं युद्ध संपलं आणि मुंबईचा बाजार कोसळला. प्रेमचंदांचं साम्राज्यही त्यात बुडालं. मनोरा मात्र १८७८ मध्ये पुरा झाला आणि अजून वेळ दाखवतो आहे.

३. भाव गेला, खत उरलं

मुंबईचे शेठ बुडाले त्याची गोष्ट पुस्तकांत आली. नगर (आजच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातला कुणबी बुडाला त्याची गोष्ट सरकारी अहवालात शिरली, कारण तो रस्त्यावर उतरला. कपाशीचा भाव पडला, त्यात सरकारनं नव्या जमाबंदीत सारा वाढवला, आणि सावकारानं हात आखडला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात लोकांनी सावकारांच्या घरांवर चाल केली. लोण नगर जिल्ह्यात पोचलं. श्रीगोंदा, पारनेर, नगर, कर्जत या तालुक्यांतली गावं पेटली. तीसहून अधिक गावांत हे घडलं. गंमत नव्हे, पण ध्यानात ठेवण्यासारखी गोष्ट अशी, की लोकांचा मुख्य रोख दागिन्यांवर नव्हता, कागदांवर होता. कर्जाची खतं आणि रोखे बाहेर काढायचे आणि त्यांची होळी करायची. ९५१ जणांना अटक झाली.

पण राख वाया गेली नाही. सरकारनं आयोग नेमला आणि १८७९ मध्ये 'दख्खनचा शेतकरी कायदा' आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर हे चार जिल्हे त्याच्या कक्षेत होते. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकण्याची रीत बंद झाली आणि कोर्टाला खताच्या मागचा खरा हिशेब तपासण्याचा अधिकार मिळाला. लिंकनच्या नाकेबंदीपासून निघालेला धागा नगरच्या कोर्टात येऊन असा थांबला.

४. मंदीतल्या बोस्टनकडून नगरच्या मुलींना शाळा

अमेरिकन मराठी मिशन नगरला आलं १८३१ मध्ये. त्याला पैसा पुरवणारं बोर्ड बोस्टनचं आणि देणगीदार तिकडचे साधे शेतकरी, दुकानदार. १८३७ मध्ये अमेरिकेच्या बँका कोसळल्या. मार्टिन व्हॅन ब्यूरन यांनी राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेऊन जेमतेम दोन महिने झाले होते. देणग्या आटल्या, बोर्डाला परदेशातल्या कामांचा खर्च कापावा लागला. तरीही १८३९ मध्ये सिंथिया फेरार नगरला आल्या आणि मुलींच्या शाळा चालवत राहिल्या. पुढं जोतीराव फुले यांनी नगरला येऊन त्यांची शाळा पाहिली आणि १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली. मंदीत काय कापायचं आणि काय जपायचं, याचं याहून चांगलं उदाहरण मला ठाऊक नाही.

५. मक्यानं भरलेलं जहाज

१९०० चा दुष्काळ. न्यूयॉर्कहून 'क्विटो' नावाचं जहाज मुंबईला आलं, पोटात दोन लाख बुशेल मका. मका लोकांच्या वर्गणीचा, जहाजाचं भाडं अमेरिकन सरकारचं. अमेरिकेतून आलेल्या मदतीच्या वाटपात पुढे होते नगरचे मिशनरी रॉबर्ट ह्यूम. त्यांना त्यासाठी ब्रिटिश सरकारनं कैसर-ए-हिंद पदक दिलं. ब्रिटिशांच्या राज्यातल्या भुकेसाठी अमेरिकेतली घरं वर्गणी काढत होती, ही गोष्ट त्या राज्याबद्दल बरंच सांगून जाते.

६. तुमच्या आजीचा बंदा रुपया मूळचा डॉलर असेल!

ही या शिदोरीतली माझी सगळ्यात आवडती गोष्ट. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानात चांदीचा रुपया कमी पडू लागला. सरकारनं ३० नोव्हेंबर १९१७ रोजी एक रुपयाची कागदी नोट काढली, पाठोपाठ अडीच रुपयांचीही! लोकांचा कागदावर भरवसा नव्हता. १९१८ च्या वसंतात युद्धाच्या वाईट बातम्या आल्या तशी नोट देऊन चांदी मागणाऱ्यांची रीघ लागली.

तेव्हा वॉशिंग्टनला २३ एप्रिल १९१८ रोजी 'पिटमन कायदा' झाला. अमेरिकेच्या तिजोरीतले चांदीचे डॉलर वितळवून ती चांदी ब्रिटनला विकायची. सत्तावीस कोटींच्या आसपास नाणी वितळली आणि त्यातली बहुतेक चांदी हिंदुस्थानच्या रुपयासाठी निघाली. हिशेब करून पाहा: एका डॉलरातल्या शुद्ध चांदीतून सव्वादोन रुपये पडत. यात राजकारणही होतं. कायदा ज्यांच्या नावाचा, ते की पिटमन नेवाडाचे सिनेटर आणि नेवाडा म्हणजे चांदीच्या खाणींचा मुलूख. वितळलेल्या चांदीच्या जागी अमेरिकन खाणींची चांदी औंसाला एक डॉलर या पक्क्या भावानं घ्यायची, हे कलम त्यांनी कायद्यातच घालून घेतलं. रुपया वाचला आणि त्यांचे मतदारही खूश झाले.

७. १,०२८ जण 'नको' म्हणाले, तरी सही झाली

१९२९ मध्ये न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला. परदेशी माल अडवला की आपला शेतकरी तरेल, या आशेनं अमेरिकन काँग्रेसनं आयात कर चढवायचं ठरवलं. १,०२८ अर्थतज्ज्ञांनी राष्ट्राध्यक्ष हर्बर्ट हूवर यांना लिहून कळवलं, की यावर सही करू नका. १७ जून १९३० रोजी सही झाली. इतर देशांनीही कर चढवले आणि जगाचा व्यापार आक्रसला. मंदीच्या त्या वर्षांत आपल्याकडे कपाशी आणि धान्याचे भाव निम्म्यावर आले. सारा आणि व्याज मात्र रोखीतच भरायचं. सप्टेंबर १९३१ मध्ये ब्रिटननं सुवर्णमान सोडला, सोन्याला रुपयांत भाव चढला आणि खेड्यापाड्यांतल्या बायकांच्या अंगावरचं सोनं सोनाराकडं जाऊन मुंबई बंदरातून बाहेर निघालं. नशीब उघडलं म्हणून ते विकलेलं नव्हतं, गळ्याशी आलं म्हणून विकलेलं होतं.

८. जहाज येईल तर चूल पेटेल

१० जुलै १९५४ रोजी आयझेनहॉवर यांनी 'पीएल ४८०' कायद्यावर सही केली. अमेरिकेचं जास्तीचं धान्य भारताला मिळू लागलं, तेही रुपयांत. १९६५ आणि १९६६ असे लागोपाठ दोन दुष्काळ पडले आणि त्या गव्हाची दोरी लिंडन जॉन्सन यांनी स्वतःच्या हातात घेतली. वर्षाचा करार नाही, थोडे थोडे महिने, थोडी थोडी जहाजं. भारतानं शेतीचं धोरण बदलावं हा एक हेतू आणि व्हिएतनाम युद्धावर भारतानं केलेल्या टीकेचा राग हाही. लालबहादूर शास्त्रींनी देशाला आठवड्यातून एक वेळ जेवण सोडायला सांगितलं ते याच काळात. याच ओढाताणीत ६ जून १९६६ रोजी रुपयाचं अवमूल्यन झालं. ४ रुपये ७६ पैशांचा डॉलर एका रात्रीत साडेसातला गेला. हरित क्रांतीमागं जशी बियाणं होती, तशी परक्या गव्हावर जगण्याची ही बोचही होती.

९. मिलो आणि सुकडी

तिसगाव पट्ट्यातल्या सत्तरीपुढच्या कुणालाही '७२ चा दुष्काळ' म्हणा, पुढचा शब्द येतो 'मिलो'. रेशनवरची अमेरिकेतली लाल ज्वारी. भाकरी लालसर आणि चवीला परकी. तिकडं हे धान्य मुख्यतः जनावरांना घालतात. इकडं त्यानं माणसं जगवली. दुष्काळी कामावर मजुरांना मिळणारा पौष्टिक खाऊ म्हणजे सुकडी, तीही तशीच, आठवणीत घट्ट.

त्याच १९७२ च्या उन्हाळ्यात सोव्हिएत रशियानं अमेरिकेतून गव्हाची प्रचंड खरेदी गुपचूप उरकली होती, तीही अमेरिकन सरकारच्या अनुदानासह. निक्सन निवडणुकीच्या तोंडावर होते. जगात गव्हाचा भाव वर्षभरात दुपटीपलीकडे गेला. म्हणजे आपलं आभाळ कोरडं पडलं, नेमका तेव्हाच बाजारही महागला.

१०. १,६६४ कोटींचा चेक

धान्याच्या बदल्यात भारतानं दिलेले रुपये अमेरिकेच्या खात्यावर साचत गेले. खर्च करायचे कुठं? शेवटी फेब्रुवारी १९७४ मध्ये राजदूत डॅनियल पॅट्रिक मॉयनिहन यांनी दिल्लीत भारत सरकारला चेक दिला, १,६६४ कोटी रुपयांचा. त्याची नोंद जगातला सगळ्यात मोठा चेक म्हणून गिनीज बुकात झाली.

११. रूझवेल्टच्या एक पाऊल पुढं

मंदीत फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी १९३५ मध्ये सरकारी कामांची मोठी योजना काढली. आठ वर्षांत सुमारे ८५ लाख लोकांना त्यांतून मजुरी मिळाली. रस्ते, पूल, शाळा उभ्या राहिल्या. महाराष्ट्रात १९७३ च्या मे महिन्यात एकाच वेळी जवळपास ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. पण खरा फरक पुढं आहे. अमेरिकेतली ती योजना युद्ध आलं तशी गुंडाळली गेली. महाराष्ट्रानं, वि. स. पागे यांच्या ध्यासातून, रोजगार हमीचा कायदाच केला. १९७७ मध्ये तो मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. काम मागणं हा हक्क ठरला. जगातल्या सगळ्यात श्रीमंत देशानं जे केलं नाही, ते खडी फोडणाऱ्या बायाबापड्यांच्या राज्यानं करून दाखवलं. याचा अभिमान आपण पुरेसा बाळगत नाही.

१२. आणि आता ट्रम्प

२७ ऑगस्ट २०२५ पासून डोनाल्ड ट्रम्प यांनी बऱ्याच भारतीय मालावर एकूण ५० टक्के आयात कर लावला. कापड आणि तयार कपडे त्याच्या तडाख्यात आले. गिरण्यांना स्वस्त रुई मिळावी म्हणून आपल्या सरकारनं १९ ऑगस्टपासून कापसावरचा ११ टक्के आयात कर उठवला, मग ती मुदत डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. बाहेरची रुई मोकळी झाली, तीही नेमकी इथली वेचणी तोंडावर असताना. त्यात सप्टेंबरच्या अतिवृष्टीनं पाथर्डी तालुक्यातली उभी कपाशी झोपवली. कर लावणारा वॉशिंग्टनला, कर उठवणारा दिल्लीला आणि बोंड भिजलेलं तिसगावला.

जाता जाता, मोजक्या कामाच्या गोष्टी

• न्यूयॉर्कचा कापूस बाजार १८७० मध्ये सुरू झाला. तिथला भाव आजही पौंडाला इतके सेंट असा निघतो, आणि तो रुईचा असतो, कपाशीचा नाही. एक क्विंटल कपाशीतून साधारण ३३ ते ३५ किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी. मोबाइलवर भाव पाहताना हे ध्यानात घ्या.

• एक क्विंटल म्हणजे सुमारे २२० पौंड. व्यापाऱ्यासमोर हा आकडा तोंडपाठ असलेला बरा.

• बांधावरच्या गाजरगवताला 'काँग्रेस गवत' म्हणतात आणि ते अमेरिकेच्या पीएल ४८० च्या गव्हातून आलं असं सगळीकडं सांगतात. पुण्यात मात्र त्याची नोंद १९५५ च्या सुमाराची, आणि भारताशी पीएल ४८० चा करार झाला १९५६ मध्ये.

• २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कपाशीचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता, मध्यम धाग्याचा ७,७१०. भारतीय कापूस महामंडळाच्या (सीसीआय) केंद्रावर ओलावा ८ टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण भाव, १२ पर्यंत कपात, त्यापुढं माल परत.

लिंकन, हूवर, जॉन्सन, ट्रम्प, यांतल्या कुणालाही तिसगावनं मत दिलं नाही आणि देणारही नाही. त्या भावावर आपला हात पोचत नाही. पण या सगळ्या गोष्टी एकापुढं एक मांडल्या की दिसतं, जे टिकलं ते इथल्या माणसांनी रेटून मिळवलेलं होतं. १८७९ चा कायदा खतं जाळणाऱ्यांमुळं आला, रोजगार हमी खडी फोडणाऱ्यांमुळं. तेजी आली आणि गेली, कायदा मागं उरला. म्हणून यंदा कपाशी घालायला जाल तेव्हा ती उन्हं दाखवून वाळवून न्या, वजनकाट्याजवळ उभं राहा आणि पक्की पावती घेतल्याशिवाय तिथून हलू नका. वॉशिंग्टनची सही आपल्या हाती नाही. काटा आणि पावती आहे.