कुंपणाची भिंत आणि आपली काळी माती

स्मरणिकेसाठी डॉक्टरने मधुमेह, रक्तदाब किंवा निदान आहार यांपैकी एखाद्या विषयावर लिहावे, अशी वाचकांची रास्त अपेक्षा असते. मी मात्र यंदा भिंतीवर लिहीत आहे. परकोटाच्या आतील जुनी घरे सोडून आपल्या समाजातील पुष्कळ कुटुंबे बाहेरच्या वसाहतींत राहावयास गेली. आतल्या घरांत शेजाऱ्याची भिंत तीच आपली भिंत. कुंपणाचा प्रश्नच नसे. नव्या प्लॉटवर घराभोवती मोकळी जागा मिळाली, तीत चार झाडे आली आणि त्यांच्यामागोमाग 'बाउंड्री' कशी घालावी हा वादही आला. आमच्या घरी मुलास सात फुटी पक्की भिंत हवी होती, सौभाग्यवतींस मेंदीचे कुंपण, आणि मिस्त्रीस तो सर्वत्र बांधतो तीच भिंत.

बुऱ्हाणपूरकरांना भिंतींचे अप्रूप असण्याचे कारण नाही. निजाम-उल्-मुल्क असफजाह याने १७३१ च्या सुमारास बांधविलेला विटांचा परकोट आणि शनवारा, इतवारा यांसारखे दरवाजे पाहतच आपण लहानाचे मोठे झालो. ती भिंत सैन्य अडविण्यासाठी होती. आपल्या बागेच्या भिंतीला सैन्याशी सामना करावयाचा नसतो. तिची गाठ पडते ती पायाखालच्या मातीशी आणि पाठीमागच्या पाण्याशी. चोराचा क्रमांक माझ्या मते बराच खालचा आहे.

तापीकाठची आपली काळी माती कपाशीला आणि केळीला मानवते, बांधकामास नाही. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट जातीची चिकणमाती असते. ती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि वैशाखात आकसून बोटे आत जातील इतकी भेगाळते. दुमजली घर स्वतःच्या भारानेच या फुगीला काहीसे दाबून धरते. कुंपणाची भिंत हलकी, म्हणून तीच आधी उचलली जाते आणि तीच आधी तडकते. घर शाबूत व कुंपण वाकडे, हे दृश्य प्रत्येक वसाहतीत दिसते. लोक सिमेंटला दोष देतात. माझ्या एका अभियंता मित्राचे निदान वेगळे होते: दीड फुटाचा चर खणून त्यात गिट्टी भरली की पाया झाला, ही समजूत हाच मूळ रोग. वरवरच्या थरात ओल सारखी बदलते, म्हणून पाया तिच्याखाली, शक्य तर मुरुमापर्यंत न्यावा लागतो. रुरकीच्या केंद्रीय भवन अनुसंधान संस्थेने अशा मातीसाठी तळाशी फुगीर असलेले खांब विकसित केले. त्यांवरील बीमखाली तीन-चार इंच पोकळी ठेवतात, म्हणजे माती फुगली तरी बीमला धक्का देत नाही. लांब भिंतीला ठराविक अंतरावर सांधे सोडावेत. नाही सोडले तर माती स्वतःच्या सोयीने ते पाडते.

पाण्याची गोष्ट याहून गंभीर आहे. प्लॉट उतारावर असेल आणि वरच्या बाजूची भर भिंतीने अडविलेली असेल, तर ती नुसती कुंपणभिंत राहत नाही. मागे पाणी साचले आणि त्याची उंची दुप्पट झाली, तर रेटा चौपट होतो आणि भिंत उलथविणारा जोर आठपट. २९ जून २०१९ रोजी पुण्यातील कोंढव्यात एका गृहसंकुलाची भिंत कोसळून पंधरा जण दगावले. पलीकडे मजुरांच्या झोपड्या होत्या. तीनच दिवसांनी मुंबईत मालाडला भिंत पडली आणि तिशीहून अधिक माणसे गेली. दोन्ही वेळी पाऊस प्रचंड होता, हे खरे. तरी भिंतीच्या पलीकडे कोण निजते, हा प्रश्न नकाशा काढतानाच विचारावयास हवा होता. मागे खडीचा थर आणि भिंतीत पाणी निघण्याची भोके ठेवण्याचा खर्च एकूण खर्चाच्या मानाने किरकोळ असतो. ज्या गावाने अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात, १६१५ च्या सुमारास, सातपुड्याच्या पायथ्याचे झिरपते पाणी कुंडी भंडाऱ्याच्या भूमिगत बोगद्यातून केवळ उताराच्या बळावर शहरात आणले, त्या गावाने आज भिंतीला चार भोके ठेवू नयेत, याचे नवल वाटते. अंगणात तुंबलेल्या पाण्यातील डासांचे पुढे काय होते, ते आपणा सर्वांना दवाखान्यात दिसतेच.

उंचीचा हट्ट पुरविण्याआधी राष्ट्रीय बांधकाम संहिता पाहावी. कुंपणभिंत रस्त्याच्या मध्यरेषेपासून साधारण दीड मीटर उंच असावी, २.४ मीटरपर्यंत जावयाचे तर वरचा ०.९ मीटर भाग जाळीदार हवा. आपल्या उन्हाळ्यात हा नियम वरदानच ठरतो. भरीव उंच भिंत दिवसभर तापते, रात्री ती उष्णता अंगणात सोडते आणि पश्चिमेची झुळूक अडविते. भिंतीच्या माथ्यावर काचा रोवण्याविषयी एवढेच सांगतो, की मी शिवलेल्या जखमांत चोराची एकही नव्हती. चेंडू आणावयास चढलेल्या मुलांच्या मात्र अनेक होत्या.

जिवंत कुंपण मलाही प्रिय आहे. पण झाड निवडताना वैद्यकीय दृष्टी सोडू नये. पिवळी कण्हेर कुंपणाला सुरेख दिसते. तिच्या बियांतील द्रव्ये डिजिटॅलिसप्रमाणे हृदयावर परिणाम करतात. शेराचा चीक डोळ्यांत गेल्यास दृष्टीला इजा होते. लहान मुलांच्या घरी ही दोन्ही नकोत. मेंदी आणि कोयनेल सोशिक. छाटून घेतात, फारसे पाणी मागत नाहीत. कोरड्या रचीव दगडांचे कुंपण देखणे खरे, परंतु त्याच्या फटींत विंचू सुखाने राहतात. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिनचा उपयोग सिद्ध केल्यापासून विंचूदंशाची भीती पुष्कळ ओसरली आहे, म्हणून त्याला अंगणात आश्रय द्यावा असे नाही.

आमच्याकडे शेवटी काळ्या दगडाच्या जोत्यावर तीन फूट वीटकाम झाले. वर लोखंडी जाळी, तिच्यावर मधुमालती आणि आतल्या अंगाला मेंदी. मुलाचे समाधान अद्याप झालेले नाही. त्याने फाटकाला जरा मोठे कुलूप आणले. पूर्वेच्या कोपऱ्यात जुना कडुनिंब आहे. अशी झाडे काळ्या मातीतील ओल शोषून तिला अधिकच आकसवितात, म्हणून तेथे भिंत दहा फूट आत घेतली. रस्त्याच्या बाजूला त्यामुळे सावलीचा एक तुकडा मोकळा राहिला. तेथे सध्या एक इस्त्रीवाला आपले टेबल मांडतो.